ऑगस्टातली मदत, नोव्हेंबरातली गळती

महापूर येतो ऑगस्टमध्ये आणि मुलांचं कॉलेज सुटतं नोव्हेंबरात. मधल्या तीन महिन्यांत काय घडतं, ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवताना मी २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिले. या एका गोष्टीनं मला जेवढं छळलं, तेवढं पाण्यानंही छळलं नाही.

२०२५च्या सप्टेंबरात सीनेच्या पाण्यानं माढा-मोहोळकडची गावं वेढली, परंडा-भूम भागात घरं बुडाली. मराठवाड्यात सोयाबीन तर गेलंच, कित्येकांच्या खालची जमीनही खरडून गेली. २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्वपरीक्षा एमपीएससीला ९ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्या दिवसांत तिकडच्या प्राध्यापक मंडळींचे फोन यायचे. ‘मॅडम, तुमच्याकडे मुलांसाठी काय केलं होतं?’ फोनवर सुचेल तसं, तुटक सांगितलं. ते इथे नीट सांगते. काय केलं, यापेक्षा काय करायचं राहून गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्यात जास्त आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना ख्यालीखुशाली विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा. त्याच्यापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २००५च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ती खूण घराघरांत लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये लोकांनी त्या खुणेच्या हिशेबानं सामान माळ्यावर, पोटमाळ्यावर, शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर चढवलं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५च्या खुणेपेक्षा वीतभर उंच ठेवलेल्या पेट्या, कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या फायली, देवळीतल्या पिशव्या, सगळं पाण्याखाली गेलं. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं हे सगळं घरातलं मोलाचं म्हणून मुद्दाम जपून एकाच ठिकाणी ठेवलेलं असतं. त्यामुळे गेलं तेही सगळं एकदम गेलं.

पाणी उतरलं आणि मदतीचे ट्रक सुरू झाले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली, घरातला गाळ उपसून गेली. त्यांचे उपकार या भागातला माणूस विसरणार नाही. आमच्या आवारातही धान्याची पोती, चादरी, बिस्किटांचे खोके, वह्यांचे गठ्ठे उतरले. वह्या बहुतेक दुरेघी-चौरेघी होत्या, प्राथमिक शाळेच्या. मदत करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक तर कुटुंब असतं, नाहीतर लहान मूल. एकोणीस वर्षांचा मुलगा त्यात कुठेच बसत नाही. तो रांगेत उभा राहून चादर घेत नाही, कारण चादरी वाटायला तोच उभा असतो. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. फार मोठं काम ते. पण कॉलेजच्या मुलाला तसं उचलून नेता येत नाही. घर कोसळल्यावर तो घरातला एक हात झालेला असतो. पंचनाम्याला तलाठ्याबरोबर तोच फिरतो, बँकेत तोच जातो, वाहून गेलेल्या म्हशीच्या अर्जावर तोच लिहितो. आणि मग हळूहळू रोजगारालाही तोच जातो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की वर्गात मूल परत आलं याचा अर्थ ते परत आलं असा धरू नका. २०१९च्या सप्टेंबरात गणपती झाले तेव्हा आमचे वर्ग बऱ्यापैकी भरले होते. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच महिन्यात विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी निवडणुकीच्या कामाला लागले, २१ ऑक्टोबरला मतदान झालं. पूर मागे पडला. परीक्षेचे अर्ज भरायची वेळ नेमकी त्याच धामधुमीत आली. कुणाचा अर्ज आला नाही, हे बघायला कुणाला उसंत नव्हती. दिवाळीनंतर हजेरीपटावर नावं पुकारताना गप्प राहणारी नावं वाढली.

असं का होतं, ते आमच्या भागातल्या उसावरून सांगते. इथल्या घरात कॉलेजची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे हे सगळं कुणाच्या पगारातून येत नाही. ऊस कारखान्याला जातो, बिल जमा होतं, त्यातून ते भागतं. तोपर्यंत दुकानदार, मेसवाले, कधी कॉलेजसुद्धा थांबतं, कारण बिल येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑगस्टमध्ये ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात राहिला, पोंग्यात गाळ बसला की तो कुजतो. त्याचा फटका घराला ऑगस्टमध्ये बसत नाही. तो बसतो कारखाने सुरू होतात तेव्हा, थंडीत. तेव्हा लक्षात येतं की यंदा बिल नाही, आणि थांबलेले सगळे एकदम दारात येतात. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसानं उरलीसुरली द्राक्षंही घालवली. ज्यांना रानच नाही त्या मजुरांचं तर आणखी वेगळं. पिकाच्या पंचनाम्यात त्यांचं नाव नसतं, पण ऊस गेला की त्यांची तोडणी, भांगलण, सगळी कामं जातात. त्यातच तुळशीचं लग्न होतं आणि लग्नसराई सुरू होते. वर्गातल्या मुलींबद्दल बोलणी सुरू होतात, तीही याच आठवड्यांत.

पलूस तालुक्यातल्या एका गावात मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या घरी गेले होते. मुलगी हुशार, कॉस्टिंगच्या पेपरात वर्गात पहिली. वडील गाळानं फुगलेली भिंत उतरवत होते. हात न थांबवता म्हणाले, ‘मॅडम, औंदा ऱ्हाऊ द्या. घर उभं करतो, फुडल्या वर्षी घालतो की तिला परत.’ त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना खरंच तिला परत घालायचं होतं. पण पुढचं वर्ष म्हणजे २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कॉलेजं बंद झाली. त्याच्या पुढचं वर्ष २०२१, आणि जुलैमध्ये आयर्विनला पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पाणी. ‘पुढच्या वर्षी’ म्हणून थांबलेल्यांपैकी फार थोडी मुलं परत वर्गात दिसली. म्हणून कुणी ‘यंदा राहू दे’ म्हणालं की मी आता मान डोलावत नाही. एक विषय देऊ दे, दोन विषय देऊ दे, बाकीचे एटीकेटीत राहू देत, पण परीक्षेचा अर्ज भरला गेला पाहिजे. अर्ज भरलेलं मूल नापास झालं तरी विद्यापीठाच्या कागदावर विद्यार्थी राहतं. अर्ज न भरलेलं मूल दोन महिन्यांत घरच्यांच्या बोलण्यात ‘शिकत होतं’ असं होऊन जातं.

२०२१ला आम्ही काही जणांनी एक वही केली. तिच्यात आमच्या वर्गांतल्या पूरग्रस्त मुलांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे काही साधे प्रश्न. आत्ता कुठे राहतो? फोन कुणाचा आहे? घरात कमावतं कोण? काय वाहून गेलं? परीक्षेचा अर्ज भरला का? शिष्यवृत्तीचा भरला का? एसटीचा पास काढला का? प्रत्येक मूल एकेका शिक्षकाच्या नावावर लावलं आणि त्या शिक्षकानं परीक्षेचा शेवटचा पेपर होईपर्यंत आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलायचं, एवढंच ठरवलं. महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटी योजना कागदावर असतेच, नॅकसाठी तिच्या फायलीही होतात. ती या कामाला लावा. मूल वर्गात दिसतंय म्हणून त्याच्यापुढची खूण पुसू नका. परीक्षेचा अर्ज, हिवाळी परीक्षा, दुसऱ्या सत्राची फी, उन्हाळी परीक्षा अशा चार ठिकाणी मूल निसटतं. चारही ठिकाणं आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

आता कागदांचं सांगते, कारण मराठवाड्यातल्या मंडळींनी सगळ्यात जास्त विचारलं ते हेच.

भिजलेली गुणपत्रिका उन्हात टाकू नका आणि तिच्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नका. गाळ लागला असेल तर ताटात स्वच्छ पाणी घेऊन अलगद धुवा, दोन कोऱ्या कागदांत ठेवा, वर हलकं वजन ठेवा, कागद बदलत राहा, सावलीत वाळू द्या. एकाला एक चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. लॅमिनेशन केलं म्हणजे कागद सुरक्षित, हा समज २०१९ला आमच्याकडे पार खोटा ठरला. कडेनं पाणी आत शिरलं की ते बाहेर निघत नाही आणि आतला कागद कुजतो. त्यापेक्षा झिप असलेली जाड प्लास्टिकची पिशवी बरी.

कागदच गेले असतील तर कुठून सुरुवात करायची, याला क्रम आहे. तो चुकला की मूल या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतं. आमच्या एका मुलाचं असंच झालं. मोबाइल पाण्यात गेला. नवीन सिमकार्डासाठी आधार मागितलं. आधार डाउनलोड करायला गेला, तर ओटीपी त्याच बुडालेल्या सिमवर. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, तिथेही ओटीपी. बँकेतही तेच. त्या चकरांत अर्जाची मुदत संपत आली. यातून सुटायची वाट म्हणजे अंगठा. आधार केंद्रावर जाऊन बोटांच्या ठशांवरून आधारची प्रत काढून मिळते, त्याला ओटीपी लागत नाही. म्हणून आधी आधार, मग त्यावर त्याच नंबरचं सिम, मग बँकेचं पासबुक, आणि बोनाफाइड तर महाविद्यालयानं न मागता हातात द्यावं. एवढं झालं की बाकीचं मागे लागून करता येतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत विभागीय मंडळाकडून मिळते. सांगली, सातारा, कोल्हापूरसाठी ते कोल्हापूरला आहे, मराठवाड्यासाठी लातूर आणि छत्रपती संभाजीनगर. डिजिलॉकरवर गुणपत्रिका आहे का, ते आधी पाहा. पुष्कळदा तिथेच काम होतं. शाळा सोडल्याचा दाखला शाळेकडून दुय्यम प्रत म्हणून मिळतो. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आपले सरकार किंवा सेतू केंद्रातून काढलेला असेल तर त्याची नोंद तहसीलला सापडते.

सगळ्यात अवघड काम जात पडताळणीचं. प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर समितीकडे नोंद असते. पण ज्या मुलांची पडताळणी अजून व्हायची होती, त्यांच्या घरातले आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे वाहून गेले. अनुसूचित जाती-जमातींना १९५०पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७पूर्वीचा पुरावा लागतो. तो कागद घरात नसेल तर आजोबा ज्या शाळेत गेले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढावा लागतो. शाळाही पाण्यात गेली असेल तर काम आणखी लांबतं. म्हणून हे काम पूर ओसरल्याच्या आठवड्यातच सुरू करायला हवं. मूल एकटं पाठवू नका. बरोबर एखादा जाणता माणूस द्या, महाविद्यालयाचं पत्र द्या. निवृत्त हेडक्लार्क, निवृत्त तलाठी अशा माणसांना गावात हाक मारा. त्यांना कोणत्या खिडकीत काय मिळतं ते पाठ असतं, आणि बोलावलं की ती मनापासून येतात. केरळमध्ये २०१८च्या महापुरानंतर हरवलेल्या दाखल्यांसाठी सरकारनं अदालती भरवल्या होत्या, सगळी खाती एका मांडवात. तहसीलदारांकडे तशी मागणी करायला काही हरकत नाही. महाविद्यालयाचं सभागृह द्या, संगणक द्या, पोरं मदतीला द्या. कचेऱ्यांनाही ते सोयीचं पडतं.

महाविद्यालयांनी स्वतःच्या कपाटांकडेही बघावं. मुलांची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीनं २०१८ साली स्पष्ट बजावलं आहे. तरी पुष्कळ ठिकाणी ती तळमजल्यावरच्या कार्यालयात पडून असतात, आणि तळमजल्यातच पाणी आधी शिरतं.

मुलांच्या नुकसानीत आणखी एक गोष्ट असते, जी बाहेरच्या कुणाला सुचत नाही. विज्ञानाच्या मुलांची जर्नल्स. वर्षभर प्रयोग करून, शिक्षकांच्या सह्या घेऊन ती पूर्ण केलेली असतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला बसायला प्रमाणित जर्नल लागतं. २०१९ला एका मुलीला तिचं भिजलेलं जर्नल पहिल्या पानापासून पुन्हा लिहून आणायला सांगण्यात आलं. रात्री घरात वीज नाही, दिवसा ती आईबरोबर भांडी घासून गाळ काढतेय, आणि हिनं आकृत्यांसह सगळं जर्नल पुन्हा उतरवायचं. तिनं परीक्षाच सोडली. प्रयोग केल्याची नोंद प्रयोगशाळेच्या हजेरीत असते. विभागप्रमुखांनी त्या नोंदीवरून लेखी प्रमाणपत्र द्यावं, प्राचार्यांनी त्यावर सही करावी आणि विद्यापीठाला तसं कळवावं. प्रकल्प अहवालाचंही तसंच. पंचाहत्तर टक्के हजेरीचा प्रश्नही असाच सुटतो, पण त्यासाठी गावांची नावं आणि तारखा असलेला प्रस्ताव महाविद्यालयाकडून वेळेत जायला हवा. मुलानं एकट्यानं अर्ज घेऊन फिरावं, अशी वेळ त्याच्यावर आणू नये.

पुस्तकं द्यायची तर विषय विचारून द्या. ‘पुस्तकं पाठवतो’ म्हणणाऱ्यांना मी आता यादी पाठवते, विषय, सत्र, प्रकाशन सगळं लिहून. जुन्या कादंबऱ्या आणि कालबाह्य गाइडांचे गठ्ठे कुणाच्याच कामाचे नसतात, त्यांना ठेवायलाही जागा लागते. मागच्या वर्षी पास झालेल्या मुलांकडच्या नोट्स मात्र सोन्यासारख्या. त्याच शिक्षकांच्या, त्याच अभ्यासक्रमाच्या. त्यांच्या झेरॉक्स काढा. ग्रंथालयाची पुस्तकं ज्यांच्या घरी बुडाली त्यांच्याकडून दंड घेऊ नका. दंडाच्या भीतीनं ग्रंथालयाकडे न फिरकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि जे मूल ग्रंथालयात येत नाही ते हळूहळू कॉलेजलाही येत नाही. ग्रंथालयांचं नुकसान हाही मोठा विषय आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५लाही त्यात पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१लाही. ते पुन्हा उभं राहिलं. पण त्या मधल्या काळात तिथे बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी कुठे बसायचं? घर भिजलेलं, वाचनालय भिजलेलं. अशा वेळी महाविद्यालयानं एक वर्ग रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा, दिवे आणि मोबाइल चार्जिंगची सोय करावी. खर्च जवळजवळ नाही. आमच्याकडे २०२१ला या एका वर्गानं जे साधलं ते कित्येक ट्रकांनी साधलं नसतं.

२०२१ची गोष्टच वेगळी होती. तेव्हा शिकवणं ऑनलाइन चालू होतं, म्हणजे मुलाच्या हातातला मोबाइल हाच वर्ग होता. पाण्यात मोबाइल गेला की वर्ग गेला. वीज गेली, टॉवर बंद पडले. ज्यांच्याकडे मोबाइल वाचला होता, त्यांच्या एका मोबाइलवर घरातली तीन-तीन भावंडं अवलंबून होती. तेव्हा व्याख्यानाचे मोठे व्हिडिओ बंद करून मी लहान आवाजी फिती पाठवायला लागले, कमी डेटात जाणाऱ्या, रेंज मिळेल तेव्हा उतरवून ऐकता येतील अशा. वर्गाची वेळ पाळण्याचा हट्ट सोडला. शिकवण्याची रीत मुलाच्या घरातल्या विजेप्रमाणे बदलावी लागते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते. फीच्या मोठ्या रकमेपेक्षा किरकोळ वाटणाऱ्या रकमांनी मुलं जास्त गळतात. परीक्षा शुल्क, विलंब शुल्क, एसटीचा पास, मेसचं थकलेलं बिल. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत असतो. पदवीला आली की सवलतीत का होईना, पैसे भरावे लागतात, आणि पूर आलेल्या घरात आधी तोच पास बंद होतो. राज्य सरकार आपत्तीनंतर बऱ्याचदा परीक्षा शुल्क माफीसारख्या सवलती जाहीर करतं. पण जाहीर झालेली सवलत मुलापर्यंत आपोआप पोचत नाही. शासन निर्णय निघाला की त्याची प्रत काढून सूचनाफलकावर मराठीत ठळक लिहा, वर्गावर्गांत वाचून दाखवा आणि ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांना परत कसे मिळणार तेही सांगा. महाडीबीटीवरची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांचे अर्ज मुलांकडून बसवून भरून घ्या.

खोली करून शहरात राहणाऱ्या मुलांकडे विशेष लक्ष द्या. २०१९ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना सरकारनं ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान दिलं. पण असली मदत कुटुंबाला मिळते. सांगलीत खोली घेऊन राहणाऱ्या खेड्यातल्या मुलाचं तिथे रेशनकार्ड कुठलं? त्याची गादी, पुस्तकं, सायकल, कपडे सगळं बुडालं, आणि घरमालक, तलाठी, महाविद्यालय यांच्यापैकी कुणाच्याच यादीत तो नव्हता. अशी मुलं गावी परत जातात आणि तिकडेच राहतात. त्यांची यादी महाविद्यालयालाच करावी लागेल, दुसरं कुणी करणार नाही.

मदतीचे पैसे उभे राहिले तर ते सगळे पहिल्या महिन्यात वाटून मोकळे होऊ नका. देणाऱ्यांना घाई असते, त्यांची भावना खरी असते, पण त्यांना समजावून सांगा. निम्म्याहून जास्त रक्कम नोव्हेंबर ते मार्चसाठी बाजूला ठेवा. एकदम मोठी रक्कम हातात दिली तर ती घराच्या पत्र्यांत आणि उधारीत जाते, जायलाच हवी, त्यात मुलाचा दोष नाही. परीक्षा शुल्क थेट भरा, मेसचं बिल थेट मेसवाल्याला द्या. कमवा आणि शिका ही आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांपासून चालत आलेली परंपरा आहे. पुराच्या वर्षी त्या योजनेत जागा वाढवा. ग्रंथालय आवरणं, कागदपत्रांचं स्कॅनिंग, प्रयोगशाळेची सफाई अशी कामं त्या वर्षी भरपूर निघतात. काम करून मिळालेले पैसे मूल मान वर करून घेतं.

आणि फोटो काढू नका. हे मी हात जोडून सांगते. आमच्या आवारात कपड्यांचं वाटप झालं तेव्हा घेणाऱ्या मुलांचे फोटो निघाले आणि संध्याकाळपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मित्र घरी गेले तर म्हणाला, तब्येत बरी नाही. या वयात मान दुखावला तर ते भूक सहन करण्याहून अवघड असतं. मदत द्यायची ती कार्यालयात, दार लावून, सही घेऊन द्यावी. देणगीदाराला पावती आणि हिशेब द्यावा. फोटोची गरज नाही.

मुलांच्या मनाचंही बघावं लागतं. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. त्या गावातली मुलं आमच्या परिसरातल्या वर्गांत बसत होती. काहींचं जवळचं माणूस गेलं होतं, काहींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मुलं वर्गात बसायची, पण वही कोरी असायची. पाऊस जोरात आला की खिडकीकडे बघायची. अशा मुलाला सगळ्यांपुढे उभं करून प्रश्न विचारू नये. ‘झालं ते झालं, आता अभ्यासाला लाग’ हेही म्हणू नये. राष्ट्रीय सेवा योजनेत आहे म्हणून पूरग्रस्त मुलालाच बचावकार्याला, गाळ काढायला पाठवण्याचा प्रकारही मी पाहिला. ते तर अजिबात करू नये, त्याच्या सेवेचे तास नंतर भरता येतात. त्याच्याशी एकट्यात बोला, आईवडिलांशी बोला. झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलत असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आता मोफत उपलब्ध आहे, तो वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

बहिस्थ किंवा दूरशिक्षणाबद्दल सावध करते. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि नोकरी करत शिकणाऱ्या हजारोंना त्यांचा आधार आहे. पण पुराच्या गडबडीत ‘बाहेरून कर की’ असं सांगून मुलाला वर्गातून बाहेर काढू नका. वर्ग सुटला की मित्र सुटतात, ग्रंथालय सुटतं, विचारणारा शिक्षक सुटतो. पुराच्या वर्षी मुलाला त्या तिन्हींची सर्वांत जास्त गरज असते. दुसरा काहीच मार्ग उरला नाही तर बहिस्थ प्रवेश घ्यावा, पण त्याचं नाव वहीतून खोडू नये.

मुलींच्या बाबतीत घरी जाणं टाळू नका. फोनवर वडील ‘बघू’ म्हणतात. घरी गेलं की आई बोलते. आणि बऱ्याचदा आईलाच मुलगी शिकावी असं वाटत असतं, फक्त तिच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी बाहेरचं हवं असतं. जाताना हातात काहीतरी नेमकं घेऊन जा: फी माफ झाल्याचं पत्र, पासची व्यवस्था, वसतिगृहातली जागा. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी गटांतल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. हे गावात अजून पुष्कळांना माहीत नाही. ‘शिक्षण महत्त्वाचं आहे’ हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ते कसं जमवायचं, हा त्यांचा प्रश्न असतो.

ज्यांचं एखादं वर्ष गेलंच, त्यांच्यासाठीही काही करता येतं. कार्यालयात आल्या आल्या त्यांच्याकडून गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, जुनी थकबाकी सांगतात, विलंब शुल्क सांगतात, आणि दोन-तीन वर्षांनी धीर करून आलेलं मूल जिन्यावरूनच माघारी फिरतं. पंचनाम्याची प्रत किंवा सरपंचाचा दाखला जोडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा कार्यालयानंच तयार ठेवावा. थकबाकीचं पहिल्या दिवशी बोलू नये. अभ्यासक्रम बदलला असेल तर कोणते विषय नव्यानं द्यावे लागतील ते विभागप्रमुखांनी कागदावर लिहून द्यावं. परंडा, भूम, माढ्याच्या मंडळींना मी हेच सांगितलं, की जे मूल निसटलं त्याचं नाव पुढच्या जूनच्या यादीत आत्ताच लिहा, आणि प्रवेश सुरू व्हायच्या आठवड्यात त्याच्या घरी स्वतः फोन करा.